'एकही भोक जुळत नाही' म्हणणाऱ्या मोर्शीकडच्या ग्राहकाला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

एक स्टार दिलात, हरकत नाही. रिव्ह्यूसोबत फोटो टाकलेत ते फार बरं केलं, काऊन की अर्धं उत्तर त्या फोटोंतच आहे. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. आमच्याकडून नेलेल्या दोन सीटच्या उघड्या गाडीच्या किटमध्ये (म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांच्या संचात) काहीच जुळत नाही. इंजिन बसवताना बोल्ट अर्ध्यात अडकला आणि आटे गेले. पुढचे सस्पेन्शनचे आर्म ब्रॅकेटमध्ये जात नव्हते म्हणून गॅस कटर लावला. गाडी डावीकडे उंच उभी राहते. बॉनेटची फट एका बाजूला बोटभर आणि दुसऱ्या बाजूला नाहीच. पुस्तिका अपुरी आहे, आरटीओ पासिंगचं कुणी बोललं नाही, म्हणून सगळे पैसे परत करा.

आधी गॅस कटरचं बोलू. बाकी सगळं निस्तरता येतं. ब्रॅकेटचे कान म्हणजे ज्यांच्या मधे आर्म बसतो त्या दोन पट्ट्या. त्या कानांतलं भोक १२ एमएमचं असतं आणि बोल्ट हाताने ढकलला तर जाईल, एवढाच सैल. ब्रेक मारला की पुढच्या चाकाचा जोर त्याच बोल्टवर येतो. गॅसने कापलेलं भोक गोल राहत नाही. बोल्टला हलायला जागा मिळते आणि प्रत्येक खड्ड्यात तो भोक आणखी लांबवत जातो. वर जाड वायसर टाकून कितीही आवळलं तरी ते टिकत नाही. गाववाल्या वेल्डरने 'भरून देतो, परत ड्रिल मारू' म्हटलं असेल, तर तेही करू नका. कान बदलावे लागतील. तोवर ही गाडी वावरातसुद्धा फिरवू नका, आणि पोराबाळांना तर अजिबात बसवू नका.

आता आर्म आत का गेला नाही? कानांमधलं अंतर आम्ही बुशच्या (आर्मच्या टोकातल्या रबरी नळकांड्याच्या) आतल्या नळीपेक्षा जेमतेम अर्धा एमएम जास्त ठेवतो. त्याहून जास्त ठेवलं तर आवळताना कान वाकतात. वरून पावडर कोटिंग होतं. त्याचा थर ६० ते ८० मायक्रॉनचा धरा, म्हणजे दोन्ही आतल्या बाजू मिळून ०.१६ एमएमपर्यंत जागा तिथेच गेली. कोपऱ्यात पावडर साचते, तिथे आणखी जाते. शिवाय वेल्डिंग थंड होताना कान थोडे आत ओढले जातात. कुणीही बनवलेल्या पाइपच्या चेसिसमध्ये हे कमीजास्त असतंच. त्यावर इलाज असा: कानसने आतल्या बाजूंचा फक्त रंग खरवडायचा. भोकातला रंग गोल कानसने किंवा हाताने फिरवलेल्या रीमरने (भोक आतून साफ करायच्या धारदार दांड्याने) काढायचा, ड्रिल मशीन हातात घ्यायचीच नाही. तरीही अडलं तर १२ एमएमचा पूर्ण आट्यांचा रॉड दोन्ही कानांतून आरपार घालायचा. कानांच्या आतल्या बाजूला दोन नट आणि वायसर ठेवायचे, आणि पान्याने ते नट बाहेरच्या दिशेला थोडेथोडे सरकवायचे. कान केसभर उघडतात आणि आर्म हाताच्या दाबाने आत बसतो. हातोडा लागला तर समजायचं की काहीतरी चुकतंय. वर्कशॉपमधल्या नव्या पोट्ट्यांना आम्ही पहिल्यांदा हेच शिकवतो.

डावी बाजू उंच का, तेही फोटोत दिसतं. डावं चाक घोडीवर लटकतंय आणि बोल्टवर तुम्ही आवळल्याची पिवळी खूण केली आहे. उजवं चाक जमिनीवर आहे. बुशचं रबर आतल्या नळीला चिकटवलेलं असतं. चाक लटकत असताना बोल्ट आवळला की नळी त्याच अवस्थेत पक्की होते. मग गाडी खाली उतरवली की रबर पिळलं जातं आणि स्प्रिंगसारखं गाडीला वर ढकलत राहतं. पुढे काही महिन्यांत ते फाटतंच. म्हणून सगळे बोल्ट आधी नुसते बोटाने लावायचे. गाडी चारही चाकांवर सपाट जागी उभी करायची, सीटवर माणूस बसवायचा, गाडी दाबून दोन-चार वेळा हलवायची, आणि मगच आवळायचं. तुमच्या डाव्या बाजूचे बोल्ट सैल करून हे करून पाहा. स्प्रिंगला हात लावायची गरज पडणार नाही असं मला वाटतं.

बोल्टचा घोळ मात्र वेगळा आहे. तिसरा फोटो मोठा करून पाहा: इंजिनच्या फाउंडेशनच्या बोल्टवर सतराचा पाना लागलाय. या किटमध्ये जुन्या मारुती ओम्नीचं इंजिन बसतं. ते सुझुकीचं, ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं. त्याच्या १० एमएम बोल्टचं डोकं चौदाचं असतं आणि आट्यांचं अंतर १.२५ एमएम. सतराच्या डोक्याचा १० एमएम बोल्ट म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला, त्याचं अंतर १.५. असा बोल्ट दोन-तीन आटे अगदी गोड जातो, मग घट्ट होतो. माणसाला वाटतं भोक जुळत नाही, तो जोर लावतो आणि आतले आटे कापले जातात. किटच्या पिशवीत चौदाच्या डोक्याचे, ८.८ (मजबुतीचा आकडा) छापलेले बोल्ट दिले होते. ते अजून पडले असतील तर शोधा. गेलेल्या आट्यांना हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसतं. अमरावतीत एखाद्या चांगल्या लेथवाल्याला '१० बाय सव्वा' सांगा, त्याला कळेल. आणि फाउंडेशनचं रबर जुन्याच गाडीचं वापरलं असेल तर ते खाली बसलेलं असणार. आमच्या ब्रॅकेटची भोकं म्हणूनच लांबट ठेवली आहेत.

बॉनेटच्या बिजागरीची भोकं आम्ही मुद्दाम पाडून देत नाही. फायबरचा प्रत्येक बॉनेट साच्यातून थोडा वेगळा निघतो. मधोमध सुतळी ताणायची, दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवून टेपने बॉनेट बसवायचा, आणि ड्रिल शेवटी. आणि तो टिनाच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ अंश असतं, टिनाखाली फायबर वाकतं. आडवा, सपाट ठेवा.

पुस्तिकेबद्दल एक गंमत सांगतो. १९५७ साली आलेली लोटस सेव्हन इंग्लंडमध्ये किट म्हणून विकली जायची, कारण तयार गाडीवर लागणारा खरेदी कर किटवर लागत नव्हता. जोडणीच्या सूचना दिल्या तर ती सवलत जाईल, म्हणून गाडी 'खोलायच्या' सूचना द्यायचे आणि गिऱ्हाइकाने त्या उलट्या वाचायच्या, असं सांगतात. आमच्या पुस्तिकेत जोडणीचा क्रम सरळच आहे. आर्मच्या पानावर 'वजन टाकून आवळा' असंही लिहिलंय.

पासिंगचं मात्र मान्य नाही. बिलावर ठळक अक्षरांत छापलंय की हे किट फक्त स्वतःच्या जागेत चालवण्यासाठी आहे, आणि त्याखाली तुमची सही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावलं. जुन्या ओम्नीचं इंजिन नव्या चेसिसवर चढवलं की ती ओम्नी राहत नाही. आरसी बुक दाखवून रस्त्यावर काढता येईल असं कुणी सांगितलं असेल, तर ते आमच्या दुकानातल्या माणसाने सांगितलेलं नाही.

पैसे परत करणार नाही. कापलेलं चेसिस परत घेऊन मी दुसऱ्याला विकूच शकत नाही. पण नवीन कान आम्ही देतो, त्याचे पैसे नकोत. फक्त ते टाके घरी मारू नका. चेसिस गाडीवर टाकून हिंगणघाटला आणा. जिगवर (चेसिस सरळ पकडून ठेवायच्या साच्यावर) बसवून, कर्ण मोजून वेल्डिंग करून देऊ. मजुरी लागणार नाही, आणण्या-नेण्याचा खर्च तुमचा. इंजिन काढूनच आणा, आणि ते सतराचे बोल्टही सोबत आणा. सोमवारी वर्कशॉप बंद असतं.