वर्डप्रेसचे छोटे अपडेट बंद करा म्हणे!

माझ्या मावशीची मसाल्यांची साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या आणि चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे आणि तिच्या निम्म्या ऑर्डरी तिथूनच येतात. काल तिने एक फॉरवर्ड पाठवला : "हे करून टाकू का रे?" त्यातले सल्ले असे. अपडेटने साइट मोडते, म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये (साइटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) एक ओळ टाकून आपोआप होणारे अपडेट बंद करा. आवृत्तीच्या क्रमांकात फक्त शेवटचा आकडा बदलणारे, म्हणजे ४.७.१ वरून ४.७.२ असे छोटे अपडेट किरकोळ असतात, ते सोडा. वर्षातून एकदा मोठं घ्या. पहिला आकडा बदलला तरच घाबरा. लहान साइटकडे हॅकर फिरकत नाहीत. बॅकअप होस्टिंगवाला (ज्याच्या सर्व्हरवर साइट असते तो) ठेवतोच.

छोटे अपडेट किरकोळ? सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात त्या याच अपडेटमधून! डिसेंबर २०१६मध्ये वर्डप्रेस ४.७ आलं, ही मोठी आवृत्ती. तिच्यात असं भगदाड निघालं की पासवर्ड नसताना कुणीही बाहेरून साइटवरचा मजकूर बदलू शकत होतं. २६ जानेवारी २०१७ला ४.७.२ आलं आणि ते बुजलं. साइट आपोआप अपडेट व्हायला वेळ मिळावा म्हणून सुरक्षा टीमने १ फेब्रुवारीपर्यंत त्याची वाच्यताही केली नाही. जाहीर झाल्यावर थोड्याच दिवसांत लाखो पानं विद्रूप झाली. कुणाची? ज्यांनी मोठं अपडेट घेतलं आणि छोटं घेतलं नाही, त्यांची. फॉरवर्ड नेमकं हेच करायला सांगतोय!

लहान साइटचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. हे हल्ले प्रोग्राम करतात. साइट मसाल्याची की बँकेची हे ते बघत नाहीत, भगदाड उघडं दिसलं की घुसतात.

पहिल्या आकड्याचं म्हणाल, तर वर्डप्रेसमध्ये ६.४ वरून ६.५ हेसुद्धा मोठंच अपडेट, ५.९ वरून ६.० इतकंच. ड्रुपल या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ७ वरून ८ला जाताना साइट जवळजवळ नव्याने बांधावी लागायची. तो हिशेब इथे लागू नाही.

अपडेटने साइट मोडते हे मात्र अगदीच खोटं नाही, तेवढं मान्य. ऑगस्ट २०२०च्या ५.५मध्ये जेक्वेरी मायग्रेट (जुना कोड चालू ठेवणारा जोडभाग) बंद केलं आणि जुन्या थीमचे (साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्यांचे) मेनू, स्लायडर अडकले. फेब्रुवारी २०१८च्या ४.९.३ने तर आपोआप अपडेट होणंच बिघडवलं. दुसऱ्या दिवशी आलेलं ४.९.४ बऱ्याच जणांना स्वतः बटण दाबून घ्यावं लागलं. पण त्यावरचा उपाय सगळंच बंद करणं हा नव्हे.

मोठं अपडेट आधी साइटच्या प्रतीवर, म्हणजे स्टेजिंगवर घ्या. थीम आणि प्लगइन (साइटला जोडलेल्या जादा सोयी) चालतात का बघा, एक खोटी ऑर्डर टाकून बघा. त्याआधी फाइल्स आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप सर्व्हरच्या बाहेर उतरवून ठेवा आणि तो एकदा परत चढवूनही बघा. होस्टिंगवाल्याच्या भरवशावर तर मुळीच राहू नका.

ती ओळ टाकली असेल तर आज काढा. डॅशबोर्डवर अपडेटच्या पानात फक्त देखभाल आणि सुरक्षेचे अपडेट आपोआप घेण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा.