पिन बसली म्हणजे चार्जर चालतो, असं नाही

दापोली-गुहागरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "४८ व्होल्टच्या स्कूटरला ४८ व्होल्टचा कुठलाही चार्जर चालतो. पिन बसली की झालं." हे साफ चुकीचं आहे, आणि धोक्याचंही.

४८ हा आकडा नावापुरता. लेड-अ‍ॅसिडच्या १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडल्या की ४८ होतात, पण त्यांचा चार्जर ५८-५९ व्होल्टपर्यंत चढतो. लिथियमच्या बऱ्याच ४८ व्होल्ट पॅकमध्ये मात्र १३ सेल ओळीने जोडलेले असतात. एका सेलची मर्यादा ४.२ व्होल्ट, म्हणजे सगळे मिळून ५४.६. अशा पॅकला लेड-अ‍ॅसिडचा चार्जर लावलात तर प्रत्येक सेलवर साडेचारच्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं. सेल फुगतो, तापतो, पेटूही शकतो. "आतला बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) चार्जिंग तोडतो की!" असं काहीजण म्हणतात. तोडायला हवा, पण तो शेवटचा बचाव आहे, रोज त्याच्यावर भिस्त ठेवू नका. लिथियममध्येही एलएफपीचा (लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकाराचा) हिशेब वेगळा, सेलला मर्यादा ३.६५ व्होल्ट. म्हणून चार्जरवरचा 'आउटपुट' आकडा आणि बॅटरीचा प्रकार, दोन्ही लेबलशी ताडून पाहा. उलट चूक केलीत, म्हणजे लेड-अ‍ॅसिडला लिथियमचा चार्जर लावलात, तर ती बॅटरी कायम अर्धपोटी राहून लवकर मरते.

आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने पिना हिरव्या पडतात. सैल, गंजलेली पिन चार्जिंगला तापते. ती आधी बदलून घ्या, आणि पावसात भिजून आलेली गाडी पुसून, सॉकेट कोरडं झाल्यावरच पडवीत चार्जिंगला लावा.