खुलासा : तो फोटो एस फ्रेलीचा नाही

मंडळी, ‘किस’ या अमेरिकन रॉक बँडचा गिटारवादक एस फ्रेली गेला म्हणून लांब जीभ काढलेला जो फोटो रत्नागिरी-मालवणच्या ग्रुपांवर फिरतोय, तो घाईत मीच टाकला होता. तो जीन सिमन्स, बँडमध्ये बास वाजवणारा, आणि तो हयात आहे. फ्रेलीच्या डोळ्यांभोवती चंदेरी तारे असायचे, ‘स्पेसमॅन’चा मेकअप, हातात गिब्सन लेस पॉल गिटार, जिच्यातून सोलोच्या वेळी चक्क धूर निघायचा! माझ्याकडच्या जुन्या कॅसेटच्या कव्हरवर चौघेही आहेत, म्हणजे मला तरी कळायला हवं होतं. १६ ऑक्टोबर २०२५ ला, वयाच्या ७४ व्या वर्षी फ्रेली गेला हे मात्र खरं. कुटुंबानेच तसं जाहीर केलं. आधीचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर डिलीट करा. रविवारी मांडवी जेटीवर जमताना ताऱ्यांवाला फोटो मी आणतो.