आठव्या महिन्यात सिझेरियन सुचवणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

(फेब्रुवारी 2025)

परवा सकाळी सहाला मावशीचा फोन आला. तिची मुलगी न्यू जर्सीत एडिसनला असते, आठवा महिना चालू आहे. मावशी रडकुंडीला आलेली. "अगं, ताईला समजाव, वीस तारखेच्या आत सिझर करून घे म्हणावं. नाहीतर बाळाला तिकडचं नागरिकत्व मिळायचं नाही." हे कळलं कुठून, तर भिशीच्या ग्रुपवरून. मी तो फॉरवर्ड मागवून घेतला.

त्याचं म्हणणं असं: अमेरिकेत अध्यक्षाची सही म्हणजेच कायदा. ट्रम्प यांनी 20 जानेवारी 2025 ला आदेशावर केलेल्या सहीने जन्मसिद्ध नागरिकत्व, म्हणजे तिथे जन्मलं की आपोआप मिळणारं नागरिकत्व, संपलं. आधी जन्मलेल्या मुलांचे पासपोर्टही रद्द होणार. न्यायाधीश अध्यक्षच नेमतो, तेव्हा कोर्टाकडून आशा नको. आणि शेवटी ठळक अक्षरांत, 20 फेब्रुवारीआधी सिझेरियन करून घ्या.

या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. बाकीच्यांनी फार तर डोकं फिरतं, इथे बाळाच्या जिवाशी खेळ आहे. चौतिसाव्या आठवड्यात बाळाची फुफ्फुसं पुरती तयार झालेली नसतात. लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल, पण मग पोट कापायचा सल्ला द्यायला कोणी सांगितलं होतं? बरं, एवढं करून आईबापांच्या हाती लगेच काय लागणार? नागरिक असलेलं मूल आईवडिलांच्या ग्रीन कार्डासाठी (तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी) अर्ज करू शकतं, पण वयाची 21 वर्षं पूर्ण झाल्यावर. म्हणजे 2046 साली.

आता 'संपलं' या शब्दाकडे येऊ. तिथलं जन्मसिद्ध नागरिकत्व कुणा अध्यक्षाने दिलेलं नाही. यादवी युद्धानंतर 1868 साली झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीत ते आहे. गुलामांच्या वंशजांना नागरिक होताच येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1857 मध्ये दिला होता. तो कायमचा पुसण्यासाठीच हे थेट राज्यघटनेत लिहिलं. आणि ती घटना बदलायची तर प्रतिनिधीगृह आणि सिनेट या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं, वर 50 पैकी 38 राज्यांची मान्यता. अध्यक्षाची सही त्यात लागतच नाही. सव्वादोनशेहून अधिक वर्षांत तिथे फक्त 27 दुरुस्त्या झाल्यात. त्यातली सत्ताविसावी 1789 मध्ये मांडली गेली आणि मंजूर झाली 1992 मध्ये!

ज्यांना निकालच हवा, त्यांनी वाँग किम आर्क हे नाव लिहून ठेवावं. 1873 साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला, पुढे पोटासाठी स्वयंपाकी झालेला माणूस. आईवडील चिनी, आणि चिन्यांना नागरिकत्व न देण्याचा तेव्हा कायदाच होता. 1895 मध्ये चीनला जाऊन परत आला, तर 'तू नागरिक नाहीस' म्हणून त्याला बंदरावर उतरू दिलं नाही. स्वतःच्या गावचा किनारा समोर दिसतोय आणि हा महिनोन्महिने या बोटीवरून त्या बोटीवर. तो सरकारशी भांडला आणि 1898 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 6 विरुद्ध 2 असा जिंकला. अमेरिकेत जन्मला म्हणजे अमेरिकन. ट्रम्प यांच्या 2025 च्या आदेशाविरुद्ध 22 राज्यं कोर्टात गेली. ताई राहते ते न्यू जर्सी त्यांत आहे, आणि त्यांच्या जोडीला वाँगचं सॅन फ्रान्सिस्को शहरही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. आदेश खरा आहे, आणि आई एच-वन (नोकरीच्या) किंवा एच-फोर (नोकरदाराच्या जोडीदाराच्या) अशा तात्पुरत्या व्हिसावर असून बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल, तर तो लागू व्हावा असंच त्यात लिहिलंय. वाँगचे आईवडील तिथे कायम राहणारे होते, तात्पुरत्या व्हिसावरचे नव्हते, हा फरक सरकारी वकील उगाळणार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाईलही. पण खटला चालू असणं वेगळं आणि हक्क संपणं वेगळं.

पासपोर्टचं तर धादांत खोटं. सहीनंतर 30 दिवसांनी आणि त्यापुढे जन्मणाऱ्यांबद्दलच आदेश आहे, हे त्यातच लिहिलंय. वाचायचे कष्ट घ्यायचे होते.

राहिलं न्यायाधीशांचं. अध्यक्ष नेमतो हे खरं, पण सिनेटची संमती लागते आणि नेमणूक तहहयात असते. एकदा बसला की तो कुणाचा मिंधा नाही. कोरियन युद्ध चालू असताना, 1952 मध्ये, अध्यक्ष ट्रुमननी एका आदेशाने पोलाद गिरण्या ताब्यात घेतल्या. तेव्हाचे नऊच्या नऊ न्यायमूर्ती त्यांनी किंवा त्यांच्याच पक्षाच्या रूझवेल्टनी नेमलेले. निकाल 6 विरुद्ध 3, ट्रुमनच्या विरोधात, आणि त्या सहांत दोघे खुद्द ट्रुमनचे. गिरण्या परत द्याव्या लागल्या. 'सही म्हणजे कायदा' याचंही उत्तर यातच आलं. आणि 2025 चंच बघा. 23 जानेवारीला, सहीनंतर तिसऱ्या दिवशी, सिएटलमध्ये आदेश उघड घटनाबाह्य ठरवून थांबवणारे न्यायाधीश कफनॉर हे रेगननी नेमलेले, म्हणजे ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षाचे. 5 फेब्रुवारीला मेरीलँडमध्ये आणि 6 ला पुन्हा सिएटलमध्ये देशभरासाठी मनाई हुकूम निघाला. फेब्रुवारी 2025 मध्ये आदेश कुठेही लागू नव्हता.

ताईला फोन केला तर ती वैतागलेली. हाच मेसेज तिला तीन ठिकाणांहून आला होता. तिची तारीख 17 मार्च आहे. मावशीचं विमान 3 मार्चचं. ते अलीकडे घ्यायचं नाही, हे मावशीला दोनदा सांगून झालंय.