गिलमोरबाईंचा हिशेब

वस्तीला जेवू घालणाऱ्या बाईविषयी लिहायला बसले की आपल्याकडे ‘अन्नपूर्णा’ आणि ‘माउली’ हे शब्द आधी हजर होतात. अमेरिकेतही फारसे वेगळे नाही. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ‘सोल फूड’चे, म्हणजे त्यांच्या पारंपरिक घरगुती जेवणाचे, हॉटेल चालवणाऱ्या बाईवरचा बहुतेक मजकूर तिच्या मायेपासून सुरू होतो आणि मायेपाशीच संपतो. ती माया खरीच असते, याबद्दल माझा वाद नाही. परंतु चूल कोणाच्या मालकीची होती, भांडवल कोणी दिले आणि गल्ल्यातला पैसा पुढे कुठे गेला, हे त्या कौतुकात सहसा येत नाही. आणि या बायकांचे कर्तृत्व मला तरी तिथेच दिसते. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरातील जॉर्जिया गिलमोर यांच्याकडे पाहिले की हे फार स्पष्ट होते.

1920 साली जन्मलेल्या गिलमोरबाई माँटगोमेरीत नॅशनल लंच कंपनी या भोजनालयात स्वयंपाकीण होत्या. मुलाबाळांचा संसार सांभाळून सुईणीचे कामही करीत. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर 5 डिसेंबर 1955 रोजी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला आणि तो 381 दिवस चालला. या बहिष्काराच्या गोष्टीत आपल्याला भाषणे आठवतात, मैलोन्‌मैल चालणारी माणसे आठवतात. पण हजारो माणसांना रोज कामावर पोहोचवायचे तर पर्यायी मोटारी लागतात, मोटारींना पेट्रोल लागते, दुरुस्ती लागते आणि विमाही लागतो. तिथल्या विमा कंपन्यांनी हात आखडता घेतल्यावर आंदोलकांना थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा घ्यावा लागला होता. थोडक्यात, चळवळीला दर आठवड्याला रोख पैसा हवा होता.

तो पैसा उभा करणाऱ्यांत गिलमोरबाईंची स्वयंपाकघरातली फौज होती. सुरुवातीला त्यांनी चौदा डॉलर गोळा करून कोंबडी, पाव आणि लेट्यूस आणले व होल्ट स्ट्रीट चर्चमधल्या सभेला जमलेल्या लोकांना सँडविच विकले. पुढे तळलेले मासे, पोर्क चॉप, शिजवलेल्या पालेभाज्या, रताळ्याचा गोड ‘पाय’ (पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि पाउंड केक असे पदार्थ घरोघरी, ब्यूटी पार्लरमध्ये आणि टॅक्सीच्या अड्ड्यांवर जाऊ लागले. रांधणाऱ्या बायकांपैकी अनेकजणी गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या, त्यामुळे त्यांचे नाव फुटले असते तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. म्हणून गटाचे नावच ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे ‘कुठूनच न आलेला क्लब’, असे ठेवले होते. पैसा आला कुठून, असे कोणी विचारले तर खरे बोलूनही काहीच न सांगता यावे, अशी ती सोय होती. कोणी रांधले आणि कोणी विकत घेतले, याची सगळी माहिती एकट्या गिलमोरबाईंकडे असे. गोरे गिऱ्हाईकही तो केक घेत आणि त्या पैशातून बहिष्काराच्या मोटारी धावत. शहराच्या दुसऱ्या भागात आयनेझ रिक्स यांनी असाच एक गट काढला आणि सभेत कोणाची रक्कम मोठी याची दोघींत चुरस लागे, हे वाचून मला फार बरे वाटले. त्यागमूर्तींच्या तसबिरीत अशी ईर्ष्या कोणी रंगवत नाही.

मार्च 1956 मध्ये बहिष्काराचे नेते मार्टिन लूथर किंग यांच्यावर त्या बहिष्काराबद्दल भरलेल्या खटल्यात गिलमोरबाईंनी उघडपणे साक्ष दिली. भाडे भरल्यावर चालकाने त्यांना खाली उतरून मागच्या दाराने चढायला सांगितले आणि त्या चढण्याआधीच बस पुढे नेली, हा स्वतःचा अनुभव त्यांनी न्यायालयात सांगितला. त्यानंतर त्यांची नोकरी गेली. तेव्हा किंग यांनी त्यांना स्वतःच्या घरातूनच जेवण विकण्याचा सल्ला दिला आणि भांड्याकुंड्यांसाठी पैशांची मदत केली. डेरिकोट स्ट्रीटवरच्या त्या घरी टेबलाभोवती एका वेळी जेमतेम डझनभर माणसे मावत, पण तिथे कामगारही जेवत आणि जवळच राहणारे किंग आपल्या पाहुण्यांना घेऊन येत. शहरातल्या भोजनालयांत गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एकत्र जेवण्याला कायद्याने बंदी असताना या घरगुती खाणावळीत ते शेजारी शेजारी बसत. दुसऱ्याच्या भटारखान्यात राहून त्यांना हे कधीच करता आले नसते.

ताटातले अन्न मात्र आपल्याला वाटते तितके परके नाही. भेंडी आणि चवळी ही पश्चिम आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर अमेरिकेला पोहोचलेली पिके आहेत; मक्याचे पीठ आणि खारवलेले डुकराचे मांस हा मळ्यावर गुलामांना मिळणारा शिधा होता.

मालकीचा हाच मुद्दा न्यूयॉर्कमध्येही दिसतो. दक्षिण कॅरोलिनातून आलेल्या सिल्व्हिया वूड्स हार्लेममध्ये ज्या छोट्या भोजनालयात वाढपीण होत्या, तेच त्यांनी 1962 मध्ये विकत घेतले, आणि त्यासाठी त्यांच्या आईने गावाकडची शेतजमीन गहाण ठेवली. लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवरच्या या हॉटेलने त्यांना ‘सोल फूडची राणी’ ही पदवी मिळवून दिली. राणीचे फोटो सर्वत्र आहेत, गहाणखताचा उल्लेख क्वचितच कुठे तरी एका ओळीत सापडतो.

गिलमोरबाई स्वभावाने मवाळ नव्हत्या आणि कोणाची अरेरावी खपवून घेत नसत, असे त्यांना ओळखणारे सांगत. त्यांच्या मुलाला शहरातल्या गोऱ्यांसाठी राखीव बागेत पोलिसांनी मारहाण केल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. बागांमधील वर्णभेदाविरुद्धच्या दाव्यात त्या वादी झाल्या. दावा दाखल झाल्यावर 1959 मध्ये नगरपालिकेने बागा सर्वांना खुल्या करण्याऐवजी सरसकट बंदच करून टाकल्या. पुढे खासगी वर्णभेदी शाळांना शहराच्या सार्वजनिक सुविधा राखून देण्याचा प्रश्न त्याच प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1974 चा तो निकाल अमेरिकेच्या कायद्याच्या पुस्तकांत आजही ‘गिलमोर विरुद्ध माँटगोमेरी शहर’ या नावाने नोंदलेला आहे.