माळ्यावर खोली काढायला परवानगी लागत नाही? लागते!

कर्नाटकातल्या आपल्या बेळगाव भागात, शहापूर-वडगावपासून निपाणी-खानापूरपर्यंतच्या मराठी ग्रुपवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: घर आपलं, माळा आपला, तिथं खोली काढायला कुणाची परवानगी लागत नाही. बाहेरून काही वाढत नाही, म्हणून पालिकेचा संबंध नाही. १६०० चौरस फुटांपर्यंत तर सरकारनं परवानगीच बंद केली आहे. शिवाय घरपट्टी लागली की बांधकाम कायदेशीर झालं, आणि कुठं अडलंच तर दंड भरून सक्रम, म्हणजे नियमित, करून घ्यायचं. हे वाचून उद्या कुणीतरी सुतार-गवंडी बोलावून कामाला लागेल, या काळजीनं लिहितोय.

आधी १६०० चौरस फुटांचं, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथंच होते. नियम खरा आहे, पण तो महाराष्ट्रातल्या गावांचा. २०२१च्या सुरुवातीला तिथल्या ग्रामविकास खात्यानं जाहीर केलं की, गावात १६०० चौरस फुटांपर्यंतचं घर बांधताना मालकीची कागदपत्रं आणि परवानाधारक अभियंत्याचा नकाशा ग्रामपंचायतीत दिला की वेगळी परवानगी नको. हद्दीपलीकडच्या कागलच्या पाहुण्यानं पाठवलेला तो मेसेज निपाणीत जसाच्या तसा पुढं ढकलला जातो. भाषा आपली, शब्द ओळखीचे, त्यामुळं नियमही आपलाच वाटतो. मधली राज्याची हद्द मेसेजात कुठंच दिसत नाही.

आपल्याला कर्नाटकचे कायदे लागू होतात. बेळगाव महापालिकेच्या हद्दीत १९७६चा महानगरपालिका कायदा आहे. बांधकामाचा अर्ज त्याच्या कलम २९९ खाली करायचा. निपाणीसारख्या नगरपालिकेच्या गावात १९६४च्या कायद्याचं कलम १८७. खेड्यात १९९३च्या पंचायत राज कायद्याचं कलम ६४, आणि त्यात तर स्पष्टच आहे की असलेल्या घरात फेरबदल करायला किंवा भर घालायलाही ग्रामपंचायतीची लेखी परवानगी हवी. बेळगावच्या कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीच्या हद्दीत, राहणाऱ्यांना केंद्राचा २००६चा छावणी कायदा. त्याच्या कलम २३५ प्रमाणे इमारतीत मोठा फेरबदल केला, किंवा मुळात राहण्यासाठी न बांधलेली इमारत राहती केली, तर ते बांधकामच धरलं जातं. तेव्हा आपलं घर नेमकं कुणाच्या हद्दीत येतं, हे पहिल्यांदा बघा.

आता ‘बाहेरून काही वाढत नाही’ हा मुद्दा. यात थोडं तथ्य आहे. फरशी, गिलावा, रंग, फुटकी कौलं बदलणं, छप्पर त्याच उंचीवर पुन्हा शाकारणं ही डागडुजी झाली. तिच्यासाठी बांधकाम परवाना मागत नाहीत. पण राहण्याची खोली काढणं वेगळं. राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) माळा म्हणजे सामान ठेवायची जागा, उंची जास्तीत जास्त दीड मीटर. राहत्या खोलीला २.७५ मीटर उंची हवी, आणि उतरत्या छपराखाली सरासरी तरी तेवढी भरली पाहिजे. मंगळुरी कौलांच्या आपल्या घरात आढ्याखाली माणूस ताठ उभा राहतो, पण पाखीकडं दोन पावलं सरकला की वासा डोक्याला लागतो. म्हणजे उंची मिळवायची तर भिंती चढवून आढं वर न्यावं लागणार. तिथं घर बाहेरूनही वाढलंच!

मला खरी धास्ती वाटते ती वजनाची. माळ्याच्या तुळया आपल्या आज्या-पणज्यांनी टाकल्या त्या धान्याची पोती, पितळी भांडी, गणपतीचं मखर ठेवायला. राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला २०० किलो भार येईल असं धरून हिशेब करायचा असतो. दहा बाय बाराची खोली म्हणजे साधारण ११ चौरस मीटर, म्हणजे सव्वादोन टन. वर नवी भिंत आणि फरशी वेगळीच. खाली मात्र मातीत रचलेली जुनी भिंत. ऑगस्ट २०१९च्या पावसात जिल्ह्यात अशा भिंती किती ठिकाणी बसल्या, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तुळईचं टोक भिंतीत जिथं शिरतं तिथं स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. लाकूड काळं पडलं असेल आणि स्क्रूड्रायव्हर सहज आत जात असेल, तर त्या तुळईवर खोली चढवू नका. परवानगीसाठी अभियंत्याला गाठावं लागतं, आणि त्यानं निदान हे तपासून तरी होतं. माझ्या मते परवानगीचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

गल्लीतल्या घरांची भिंत बहुतेक सामायिक असते. छप्पर उचललं की पन्हाळीचं पाणी कुठं पडणार, हे शेजाऱ्याशी बसून आधी ठरवा. त्याच्या खिडकीला २० वर्षं विनाअडथळा उजेड-वारा मिळत आला असेल, तर १८८२च्या सुविधाधिकार कायद्यानं तो त्याचा हक्क ठरू शकतो.

घरपट्टीचं लगेच संपवतो. कर भरल्याची पावती म्हणजे बांधकाम परवाना नव्हे. बेकायदा बांधकामावरही कर लावता येतो आणि त्यानं ते कायदेशीर होत नाही.

राहिलं ‘सक्रम’. बेकायदा बांधकामं दंड घेऊन नियमित करायच्या कर्नाटकच्या अक्रम-सक्रम योजनेत १९ ऑक्टोबर २०१३ पूर्वीचीच बांधकामं धरली होती, तीही राहत्या घरात ५० टक्क्यांपर्यंतच्या उल्लंघनाची. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. आज माळ्यावर काढलेली खोली त्या तारखेत कशी बसणार? उलट १७ डिसेंबर २०२४च्या निकालात त्याच न्यायालयानं सांगितलं की वीज-पाण्याची जोडणी आणि बँकेचं कर्ज भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम मंजुरीप्रमाणे झालं, आता राहायला हरकत नाही असा दाखला) बघूनच द्यावं. वर भाडेकरू ठेवून वेगळा मीटर घ्यायचा बेत असेल, तर हे आधी ध्यानात घ्या.

आणि ज्यांचं काम सुरू झालंय त्यांच्यासाठी: महापालिका कलम ३२१ खाली आधी तात्पुरता आदेश काढते आणि कारणे दाखवा म्हणून मुदत देते. तो कागद कन्नडमध्ये असतो, म्हणून कित्येक घरांत तो टीव्हीमागं खोचून ठेवला जातो आणि मुदत टळून जाते. आला त्याच दिवशी कन्नड जाणणाऱ्याकडून वाचून घ्या, काम थांबवा, आणि सिटी सर्व्हेचा उतारा, खाता (मिळकतीची पालिकेतली नोंद) व जुना मंजूर नकाशा जोडून मुदतीच्या आत लेखी उत्तर देऊन पोच घ्या.