लोकप्रतिनिधीला त्रास न देता मतदार कसं व्हावं

नळाला चार दिवस पाणी नाही म्हणून आमदारांना फोन लावायच्या विचारात असाल, तर जरा थांबा. त्यांच्यामागे किती व्याप असतात याची तुम्हाला कल्पना नाही. सकाळी दोन साखरपुडे, एक दहावा, एक भूमिपूजन. दुपारी मुंबईत बैठक. संध्याकाळी कुस्त्यांचं मैदान आणि रात्री कुणा कार्यकर्त्याच्या मुलाचा वाढदिवस, तोही तलवारीनं केक कापून. या धबडग्यात तुमचा नळ कुठे बसवायचा? शिवाय नळ हा आमदारांचा विषयच नाही, तो नगरसेवकाचा. हे तुम्हाला माहीत असतं, पण शाळेत नागरिकशास्त्र ऑप्शनला टाकलंत, त्याची फळं आता आमदारांनी भोगायची का?

नगरसेवकाकडे जायचं तर त्यालाही पथ्यं आहेत. आधी नगरसेवक अस्तित्वात आहे ना, ते बघावं. मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, नाशिक इथल्या लोकांना 2022च्या मार्चनंतर नगरसेवक नावाचा माणूस फक्त फ्लेक्सवर दिसायचा, आणि त्याच्या नावामागे ‘माजी’ किंवा ‘भावी’ लावलेलं असायचं. चालू कुणीच नाही. राज्यघटनेत लिहून ठेवलंय की महापालिकेची मुदत पाच वर्षं, आणि ती संपायच्या आत निवडणूक घ्यायची. पण घटना काय, लिहिणाऱ्यांनी लिहिली. इकडे ओबीसी आरक्षणाचा प्रश्न, प्रभागरचनेचा घोळ, कोर्टाची पुढची तारीख, मग पावसाळा, मग सण. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं 2025च्या मे महिन्यात कान धरला, तेव्हा कुठे 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं. 2017च्या फेब्रुवारीत आईचं बोट धरून मतदान केंद्रावर गेलेला चौथीतला मुलगा थेट स्वतःचं मतदार कार्ड घेऊनच रांगेत उभा राहिला. त्याला वाटलं असेल, ही निवडणूक कुंभमेळ्यासारखी असते.

मधल्या पावणेचार वर्षांत काही अडलं का, सांगा. मुंबई महापालिकेचा 2025-26चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा. एवढा पैसा कुठे जाणार हे ठरवताना मुंबईकरांनी निवडून दिलेला एकही माणूस हात वर करायला सभागृहात नव्हता. प्रशासनानं मांडला, प्रशासकानं मंजूर केला. सभात्याग नाही, राजदंडाची पळवापळवी नाही, फलक नाहीत, घोषणा नाहीत. इतकी शांतता कधी होती का? तुम्ही मात्र ‘आमचं कुणी ऐकणारं नाही’ म्हणत बसलात. ऐकणारं कुणी नसलं की बोलायचे कष्ट वाचतात, हे तुमच्या लक्षातच आलं नाही.

बरं, आता नगरसेवक आले आहेत. नुसते आले नाहीत, मुंबई सोडून बाकी मोठ्या शहरांत बहुतेक जागी चौकडीनं आले आहेत. पुण्याचंच घ्या. 41 प्रभाग, 165 नगरसेवक. 40 प्रभागांत चौघं आणि एका भाग्यवान प्रभागात पाच. पूर्वी कधी एकाचा वॉर्ड होता, कधी दोघांचा, कधी तिघांचा ठरला होता. सरकार बदललं की प्रभागातली डोकी बदलतात, कारण तुम्ही एकाला ओळखून जाब विचारायच्या बेताला आलात की हिशेब नव्यानं मांडणं बरं असतं. मतदानाच्या दिवशी चार बटणं दाबायची. एखादं दाबायचं राहिलं तर यंत्र पुढे सरकत नाही, आणि मागची रांग तुमच्याकडे अशी बघते की तुम्ही एटीएममधून पैसे मोजून काढताय.

आता या चौघांशी व्यवहार कसा करायचा, हे नीट समजून घ्या, कारण खरी मेख इथेच आहे. गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं, तर ‘अ’कडे जा. ते अत्यंत आदरानं चहा पाजतील आणि सांगतील, “काका, मी लगेच केलं असतं, पण तो भाग ‘क’ ताईंकडे वाटून दिलाय.” ‘क’ ताई फोन उचलत नाहीत, त्यांचे मिस्टर उचलतात. कारभार तेच बघतात, ताई फक्त सह्या करतात आणि हळदीकुंकवाला येतात. मिस्टर सांगतील, ड्रेनेजची लाइन जिथे मेन लाइनला मिळते तो चौक ‘ब’चा आहे. ‘ब’ वेगळ्या पक्षाचे. त्यांचं म्हणणं, प्रभागाचा निधी ‘ड’नं पळवला आणि त्यातून विरंगुळा केंद्राला कमान उभारली. ‘ड’ सध्या बाहेरगावी. तोवर पाणी चौथ्या घरापर्यंत आलेलं असतं. या प्रवासात हताश होऊ नका. चार दारी चार चहा झाले, चार नवीन ओळखी झाल्या. एकच नगरसेवक असता तर एकच चहा मिळाला असता. आणि ड्रेनेज दुरुस्त झालंच, तर दुसऱ्या दिवशी चौकात चौघांचे चार बोर्ड लागतील, ‘पाठपुराव्याला यश’. ते वाचताना एकाच बोर्डासमोर जास्त वेळ उभं राहू नका, बाकीच्या तिघांना वाईट वाटतं.

नगरसेवकाकडे काम झालं नाही, तरच आमदारांच्या संपर्क कार्यालयात जावं. तिथे जाण्याचे काही संस्कार असतात. दारात चपलांचा ढीग, आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर महापुरुष आणि त्यांच्याहून थोडी मोठी साहेबांची तसबीर. टेबलामागे पीए. त्याच्या एका कानाला एक फोन, समोर दुसरा वाजतोय, आणि तो तिसऱ्याशी बोलतोय. त्याला ‘पीए’ म्हणू नका, ‘दादा’ म्हणा. निवेदन आणलंय का, असं तो विचारेल. आणलेलं नसेल तर बाहेर झेरॉक्सवाल्याकडे छापील नमुना मिळतो. तुमचं निवेदन घेऊन दादा साहेबांच्या लेटरहेडवर एक पत्र टाइप करतील. ‘उपरोक्त विषयास अनुसरून, सदर नागरिकांच्या मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ पत्र आयुक्तांना. खाली सही, तीही आधीच ढिगानं करून ठेवलेली.

हे पत्र हातात पडताच तुम्हाला काम झाल्यासारखं वाटेल. तसंच वाटलं पाहिजे. ते पत्र लॅमिनेट करून ठेवा. आमच्या सोसायटीत एका रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल अशी पाच पत्रं फाइलला आहेत, तीन वेगवेगळ्या पक्षांच्या मान्यवरांची. खड्डाही अजून आहे. मला विचाराल तर खड्ड्यापेक्षा फाइल जास्त खोल झाली आहे.

काही लोक म्हणतात, सरकारी यंत्रणा ढिम्म असते. साफ खोटं. 2025च्या जुलैत मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासात एका आमदारांच्या ताटात खराब डाळ आली. आमदारांनी कॅन्टीनच्या कर्मचाऱ्याशी जो संवाद साधला तो सगळ्या महाराष्ट्रानं मोबाइलवर पाहिला. आणि दोन दिवसांच्या आत अन्न व औषध प्रशासन येऊन नमुने घेऊन गेलं, ठेकेदाराचा परवानाही निलंबित झाला. बघा, यंत्रणा चालते. ती कुणाच्या ताटापाशी चालते एवढाच बारीक मुद्दा आहे. अंगणवाडीत, आश्रमशाळेत खिचडीत अळ्या सापडल्या की चौकशी समिती बसते आणि बसूनच राहते. तेव्हा ज्या पालकांना पोराच्या जेवणाची काळजी असेल, त्यांनी पोराला आधी निवडून आणावं.

सभागृहातही हीच तळमळ दिसते. विदर्भाला न्याय द्यायला सगळं सरकार थंडीत नागपूरला जातं. 2024 साली ते तिथे सहा दिवस होतं. सहा दिवसांत संत्री निवडून घ्यायची की प्रश्न मांडायचे, तुम्हीच सांगा. त्या निवडणुकीनंतर वर्ष उलटलं तरी विधानसभेला विरोधी पक्षनेता नव्हता, कारण 288च्या सभागृहात कुठल्याही एका विरोधी पक्षाला दहा टक्के जागा मिळाल्या नाहीत. म्हणजे तुमच्या वतीनं ओरडायला जे पद लोकशाहीनं ठेवलंय ती खुर्चीच मोकळी. याच काळात तत्कालीन कृषिमंत्री सभागृहात बसून मोबाइलवर पत्ते खेळत असल्याचा व्हिडिओ बाहेर आला. आपण खेळत नव्हतो, मोबाइलवर आलेला खेळ बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं होतं. महिना संपायच्या आत त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. सरकारला विनोदबुद्धी नाही, असं यापुढे कुणी म्हणू नये. सोयाबीनला भाव मिळत नाही म्हणून चडफडणाऱ्या शेतकऱ्यानंही मनाला लावून घेऊ नये. पत्त्यात हरणं आणि शेतात हरणं यांत एवढाच फरक आहे, की पत्त्यात निदान पुढचा डाव असतो.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, पक्षाचा. तुम्ही अमुक पक्षाला मत दिलं आणि तो माणूस तमुक पक्षात गेला, म्हणून तुम्हाला फसवल्यासारखं वाटतं. हा तुमच्या स्वभावाचा दोष आहे. 2019 आठवा. युती एकीकडे, आघाडी दुसरीकडे. ऑक्टोबरमध्ये मतदान झालं. 23 नोव्हेंबरला सकाळी तुम्ही दूध तापत ठेवलं होतं आणि टीव्हीवर राजभवनात शपथविधी चालू होता. दूध उतू गेलं, सरकारही चार दिवसांत गेलं. मग तिसऱ्याच जोडणीचं सरकार आलं. 2022च्या जूनमध्ये अर्धा पक्ष सुरतमार्गे गुवाहाटीला गेला, तिथली झाडी आणि डोंगर बघून गोव्यामार्गे परतला आणि सत्तेवर बसला. 2023च्या जुलैत दुसरा पक्ष फुटला. त्याला एवढा लांबचा प्रवासही करावा लागला नाही, अनुभवानं माणूस शिकतो.

पण शांतपणे हिशेब करा. भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी, काँग्रेस, या चारही पक्षांनी त्या एकाच पंचवार्षिकात कधी ना कधी सत्ता भोगली. म्हणजे यांपैकी कुणालाही मत दिलेलं असो, ते सरकारात पोचलंच! एकाही मतदाराचं मत वाया गेलं नाही. एवढी सर्वसमावेशक निवडणूक जगात दुसरी दाखवा. फक्त तुम्ही ज्याच्या विरोधात मत दिलं होतं, त्याच्याच शेजारी तुमचं मत जाऊन बसलं. लग्नाच्या पंगतीत असं होतंच, तिथे आपण पान सोडून उठतो का?

पक्षांतरबंदी कायदा आहे ना, असं कुणी हुशार विचारेल. आहे, 1985पासून आहे. 2003 साली तो आणखी कडकही केला. शिवसेनेच्या दोन्ही गटांनी एकमेकांच्या आमदारांना अपात्र करा म्हणून अर्ज दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथून विधानसभा अध्यक्षांकडे परत आलं, आणि दीड वर्षानं, 10 जानेवारी 2024 ला निकाल लागला. ना या गटाचा कुणी अपात्र, ना त्या गटाचा. पुढच्या महिन्यात राष्ट्रवादीच्या बाबतीतही तेच. पक्ष फुटले, पण फोडले कुणीच नाहीत. तुम्ही सोसायटीचा तीन महिन्यांचा मेंटेनन्स थकवून बघा, तुमचं नाव लिफ्टशेजारी लागतं.

म्हणून माझा सल्ला असा, की आमदाराचं नाव, पक्ष आणि चिन्ह पाठ करू नका. मनाला ताण येतो. फार तर कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहून ठेवा, खोडायला सोपं जातं. उमेदवारांच्या सभांना मात्र जरूर जा, त्यांच्या देवदर्शनाच्या बसमध्ये खिडकीची जागा धरा, पैठणीच्या खेळात भाग घ्या, स्कूटरच्या सोडतीची चिठ्ठी जपून ठेवा. पाच वर्षांत त्यांच्याकडून थेट हातात पडणारी वस्तू तेवढीच असते. रस्ता, पाणी, दवाखाना यांना हमी नसते, पैठणीला निदान काठ तरी असतात.

एवढं सगळं पाळूनही डोकं तापत असेल, तर ‘नोटा’चं बटण आहे. 2013पासून ते यंत्रावर शेवटचं, तळाशी, खास तुमच्यासाठी ठेवलंय. 2019च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये 27 हजारांवर मतं घेऊन ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर आला. ना सभा, ना फ्लेक्स, ना जेवणावळी, तरी बाकीच्या उमेदवारांना मागे टाकलं. माझ्या मते मोकळ्या असलेल्या विरोधी पक्षनेत्याच्या खुर्चीवर त्यालाच बसवायला हवं. महाराष्ट्रात सध्या न फुटलेला तो एकच उमेदवार आहे.

मात्र ‘नोटा’ही सगळ्यांच्या नशिबात नसतो. परवाच्या महापालिका निवडणुकीत कल्याण-डोंबिवलीत एवढे नगरसेवक बिनविरोध निवडून आले, की मतदानाआधीच गुलाल उधळून झाला. समोरच्यांचे अर्ज माघारी घेतले गेले, का घेतले ते विचारायचं नसतं. त्या जागांसाठी यंत्र नाही, बटण नाही, रांग नाही, बोटावरची शाई पुसली जाते की राहते याचा वाद नाही. मतदार घरी चहा पीत बसला असताना पाच वर्षांचा प्रतिनिधी घरपोच, तोही न मागवता. परत करायची सोय मात्र ठेवलेली नाही.